पंधरा मिनिटांचे ऑपरेशन आणि उरलेला दिवस



घरात साठी ओलांडलेले कोणी असले की मोतीबिंदूचा विषय आज ना उद्या निघतोच. इस्राएलमधले डॉक्टर त्याला कातारक्त म्हणतात, मुंबईचे कॅटरॅक्ट म्हणतात, आणि आपली जुनी मंडळी "मोतीबिंदू पिकला का?" असे विचारीत. डोळ्यातले पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. औषधाने मोतीबिंदू जात नाही, ऑपरेशन हाच त्यावर उपाय, हेही ठाऊक आहे.

तरीसुद्धा माणसे ऑपरेशन पुढे ढकलतात. कारण विचारले तर "दुखेल" असे आता फारसे कोणी म्हणत नाही. "कोण नेणार?", "मुलाने रजा तरी किती वेळा घ्यायची?", "मागच्या वेळी सकाळी सातला बोलावले आणि दुपारी तसेच परत पाठवले," अशी उत्तरे मिळतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची असते. पण तिच्या आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्या, रांगा आणि बाकावर बसून काढलेले तास मोजले तर हिशेब फार मोठा होतो. या लेखात आम्ही तोच हिशेब मांडणार आहोत. आमचे आयुष्य शाळेत वेळापत्रके आखण्यात गेले. त्यामुळे हा प्रश्न आम्हांला जितका वैद्यकाचा वाटतो तितकाच वेळापत्रकाचाही वाटतो.

उदाहरण म्हणून आम्ही ओमान हा देश घेतला आहे. तेथे अंतरे मोठी आहेत आणि वस्ती विरळ आहे. रुग्णाची एक फेरी फुकट गेली तर किती नुकसान होते ते तेथे चटकन ध्यानात येते.

आधी आठवडा, आता एक दिवस

मोतीबिंदूवर इलाज करण्याची कला भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. त्या काळी गढूळ भिंग सुईने बाजूला सारीत. डोळ्यातून भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने १७४७ साली रूढ केली. पण भिंग काढले की डोळ्यात काहीच उरत नसे, म्हणून रुग्णाला जाड काचांचा चष्मा लावावा लागे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या त्या काचा आमच्या पिढीला चांगल्या आठवतात. ऑपरेशननंतर डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला दिवसचे दिवस निजवून ठेवीत. घरी आल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली असे. ऑपरेशन थंडीतच करावे आणि मोतीबिंदू पुरता पिकल्यावरच करावे, असा तेव्हा दंडक होता.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. महायुद्धात विमानाच्या काचेच्या जागी वापरलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. ते तेथे राहिले तरी डोळा बिघडत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धत काढली. तिलाच आपण फेको म्हणतो. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो, टाका बहुधा लागत नाही, आणि पुष्कळ वेळा डोळा बधिर करायला थेंब पुरतात. म्हणून रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. भिंग पिकण्याची वाट पाहण्याचे कारण राहिले नाही, आणि थंडीचीही गरज राहिली नाही.

म्हणजे शस्त्रक्रिया आठवड्यावरून एका दिवसावर आली. रुग्णालयाची व्यवस्था मात्र कित्येक ठिकाणी अजून आठवड्याच्या काळातलीच आहे. सर्वांना पहाटे बोलवायचे, सर्वांची सर्व तपासणी करायची, आणि सर्वांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगायचे.

ओमानची गोष्ट

ओमान म्हणजे आपल्या कोकणपट्टीसमोरचा, अरबी समुद्रापलीकडचा किनारा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे आहे. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या आसपास, आणि त्यातही मोठा भाग परदेशातून कामासाठी आलेल्यांचा. मस्कतपासून दक्षिणेकडचे सलाला सुमारे १,००० किलोमीटरवर आहे. उत्तरेचा मुसंदम भाग तर उरलेल्या देशापासून तुटलेला आहे. मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा मुलूख येतो. मसीरा बेटावर जायला होडी लागते. जबल अख्दरच्या डोंगरावर गुलाब आणि डाळिंबे पिकतात, पण तेथे जाणारा घाट इतका चढाचा आहे की चारही चाकांना जोर असलेली गाडी असल्याशिवाय पोलीस वर सोडत नाहीत.

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा या देशात रुग्णालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मत्रह येथील अमेरिकन मिशनच्या रुग्णालयावर फार मोठा भार असे. डोळ्यांचे विकार सर्वत्र होते. त्यांत खुपरी हा मोठा शत्रू होता. हा संसर्ग लहानपणी पुन्हा पुन्हा होतो, पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, मग पापण्या आत वळतात आणि केस बुबुळावर घासून माणूस आंधळा होतो.

ओमानने पाणी, स्वच्छता, शाळांतून तपासणी आणि पापण्यांची ऑपरेशने या सर्वांची सांगड घातली. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ओमानमध्ये खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही असे मान्य केले. अशी मान्यता मिळालेला ओमान हा जगातला पहिला देश.

त्याआधी देशभर डोळ्यांची एक पाहणी झाली होती. तिचा अहवाल २००२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त आला. लेखकांत पहिले नाव राजीव खांडेकर असे वाचून मराठी वाचकाला सहज आपलेपणा वाटतो. त्या पाहणीप्रमाणे लोकसंख्येत अंधत्वाचे प्रमाण शेकडा १.१ होते. अंधांपैकी सुमारे ३० टक्के मोतीबिंदूमुळे आणि सुमारे २४ टक्के खुपरीच्या व्रणांमुळे अंध होते. पुढे खुपरी आटोक्यात आली. मोतीबिंदू मात्र म्हातारपणाबरोबर येतो. माणसे जास्त जगू लागली की तोही वाढतो. त्यावर लस नाही. एकेका डोळ्याचे ऑपरेशन करीत जाणे एवढाच मार्ग आहे.

मस्कतच्या अल-नहदा रुग्णालयाचा नेत्रविभाग तेथे प्रसिद्ध आहे. सुलतान काबूस विद्यापीठाचे रुग्णालयही आहे. प्रांतोप्रांतीच्या मोठ्या रुग्णालयांतूनही डोळ्यांचे काम चालते. सरकारी रुग्णालयांत 'अल-शिफा' नावाची संगणकाची पद्धत आहे. तीत रुग्णाची नोंद राहते. ओमानी नागरिकाला सरकारी दवाखान्यात नाममात्र पैसे पडतात. म्हणजे डॉक्टर आहेत, भिंगे आहेत आणि पैशाची अडचणही फारशी नाही. मग रुग्णाला महाग पडतो तो वेळ आणि प्रवास.

फेऱ्यांचा हिशेब

समजा, जबल अख्दरवर राहणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना निझवा किंवा मस्कतच्या रुग्णालयात जायचे आहे. जुन्या चालीने गेले तर पहिली फेरी तपासणीची, त्यात मोतीबिंदू आहे हे ठरते. दुसरी भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळा मोजण्याची. तिसरी रक्त-लघवी आणि हृदयाच्या आलेखाची. चौथी भूल देणाऱ्या डॉक्टरांची. पाचवी ऑपरेशनची. सहावी दुसऱ्या दिवशी डोळा दाखवण्याची. सातवी आठवड्याने, आठवी महिन्याने चष्म्यासाठी. एका डोळ्याच्या आठ फेऱ्या झाल्या. दुसऱ्या डोळ्याच्या धरल्या तर सोळा.

प्रत्येक फेरीला गाडी चालवणारे कोणीतरी हवे. ओमानमध्ये असो, दिमोनात असो की अलिबागेत, ते कोणीतरी म्हणजे कामावर जाणारा मुलगा, सून किंवा नातू. सोळा दिवसांची रजा कोणाला मिळते? म्हणून एक डोळा होतो आणि दुसरा राहून जातो. असे अर्धवट राहिलेले डोळे आम्ही आपल्या समाजातही पुष्कळ पाहिले आहेत.

यांतल्या किती फेऱ्या खरोखर लागतात? पहिल्या चार एकाच दिवशी होऊ शकतात. तपासणीनंतर मोतीबिंदू ठरला की त्याच सकाळी, त्याच मजल्यावर दोन्ही डोळ्यांची मोजमापे घ्यावीत, परिचारिकेने रक्तदाब व साखर पाहावी, औषधांची यादी लिहून घ्यावी आणि तारीख हातात देऊनच घरी पाठवावे.

राहिला प्रश्न रक्त आणि आलेखाचा. याबाबत अमेरिका आणि कॅनडात मोठा अभ्यास झाला. तो २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८ हजार रुग्णांच्या १९ हजारांवर ऑपरेशनांची तुलना केली होती. निम्म्यांच्या ठराविक चाचण्या आधी केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर उद्भवलेल्या त्रासाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. अर्थ असा की मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट सगळ्या चाचण्या करायला लावण्यात फायदा नाही. ज्याला हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा दुसरी तक्रार आहे त्याचीच ती तपासणी करावी. एवढ्याने एक फेरी जाते आणि प्रयोगशाळेवरचा ताणही कमी होतो.

ऐन वेळी रद्द होणे

फेऱ्यांहूनही वाईट म्हणजे ऑपरेशनच्या सकाळी परत पाठवणे. आमच्या ओळखीच्या एक आजी उपाशीपोटी तीन तास बसल्यावर "आज रक्तदाब जास्त आहे, पुन्हा तारीख घ्या" हे ऐकून आल्या. त्यानंतर वर्षभर त्या रुग्णालयाच्या दारातही गेल्या नाहीत. यात रुग्णाचा दिवस जातो, नेणाऱ्याची रजा जाते, आणि शस्त्रक्रियागृहातली ती वेळही रिकामी जाते, जी रांगेतल्या दुसऱ्या कोणाला मिळाली असती.

ऐन वेळी रद्द होण्याची कारणे ठराविक असतात. रक्तदाब किंवा साखर वाढलेली असते. खोकला झालेला असतो, आणि खोकणाऱ्या माणसाचा डोळा स्थिर राहत नाही. पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतात किंवा डोळे आलेले असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी कोणी काही ठरवलेले नसते. लागणाऱ्या नंबरचे भिंग कपाटात नसते. बरोबर कोणी आलेले नसते. ओमानमध्ये यात दोन गोष्टींची भर पडते. आखाती देशांत मधुमेह फार आहे. शिवाय तेथील वृद्धांच्या पापण्यांवर जुन्या खुपरीचे व्रण असू शकतात. पापणी आत वळलेली असेल तर आधी तिचे ऑपरेशन करावे लागते, नाहीतर मोतीबिंदू काढताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आता पाहा, यांतली बहुतेक कारणे आठ-दहा दिवस आधीच कळू शकतात. वळलेली पापणी काही एका रात्रीत वळत नाही. पहिल्या तपासणीला ती पाहिली तर पुढची सारी तारखांची घडी नीट बसते. खोकला, ताप किंवा डोळे येणे ही कारणे ऐन वेळची खरी, पण ती दोन दिवस आधी एका दूरध्वनीने कळतात. परिचारिकेने फोन करून सात-आठ प्रश्न विचारावेत. खोकला आहे का? डोळ्यातून चिपडे येतात का? आज साखर किती? गोळ्या कोणत्या चालू आहेत? बरोबर कोण येणार? उत्तर समाधानकारक नसेल तर त्या जागी यादीतल्या दुसऱ्या रुग्णाला बोलावता येते. जबल अख्दरच्या आजींना घाट उतरून यावे लागण्याआधीच कळते की आज जाऊ नये. पाच मिनिटांच्या फोनने त्यांचा अख्खा दिवस वाचतो.

सर्वांना सातला का बोलवावे?

पुष्कळ ठिकाणी दिवसाच्या यादीतल्या सर्व रुग्णांना सकाळी एकाच वेळी बोलावतात. डॉक्टरांचा एक क्षण फुकट जाऊ नये हा हेतू. पहिल्याचे ऑपरेशन आठला होते आणि बाराव्याचे दुपारी एकला. तो बारावा माणूस सहा तास बाकावर बसतो. तो मधुमेही असला तर साखर खाली जाते, भित्रा असला तर रक्तदाब वर जातो, आणि मग तेच रद्द होण्याचे कारण होते.

शाळेत सहावा तास ज्यांचा असेल त्यांना आपण पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभे करीत नाही. येथेही तसेच करावे. तीन-तीन, चार-चार रुग्णांचे गट करून तासातासाच्या अंतराने बोलवावे. इन्शुलिन घेणारे आणि दुरून आलेले आधी, जवळचे नंतर. अंतर पाहून क्रम लावणे हे आमचे मत आहे, पण ओमानसारख्या देशात ते पटण्यासारखे आहे. दुरून आलेला माणूस दुपारी मोकळा झाला तर उजेड असेपर्यंत घरी पोचेल.

दुसरी खोळंब्याची जागा म्हणजे डोळ्याची बाहुली. ऑपरेशनसाठी ती थेंब घालून मोठी करावी लागते. थेंब थोड्या थोड्या अंतराने पुन्हा घालतात आणि बाहुली पुरती मोठी व्हायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. आतून हाक आल्यावर थेंब सुरू केले तर डॉक्टर, परिचारिका आणि टेबल सर्वच थांबतात. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर थेंबांची वेळ आधीच लिहिलेली असली आणि एका परिचारिकेकडे तेवढेच काम दिले तर हा खोळंबा होत नाही.

आता शस्त्रक्रियागृहाच्या आत पाहू. आपल्याकडे कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी यांचे नाव खूप गाजले. शिबिरात एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनेस बुकात आहे. तो काळ आणि ती गरज वेगळी होती. आज जग धडा घेते तो मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केले. तेथे एका डॉक्टरासाठी दोन टेबले शेजारी शेजारी असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होत असतो. पहिले संपले की डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून दुसऱ्याकडे फिरतात. रुग्णाला आणणे, डोळा धुणे, अवजारे मांडणे, पट्टी लावणे ही कामे खास शिकवून तयार केलेल्या मुली करतात. त्यामुळे डॉक्टरांना ऑपरेशन सोडून दुसरे काही करावे लागत नाही. भिंगे स्वस्त मिळावीत म्हणून १९९२ साली त्यांनी ती बनवण्याचा कारखानाही काढला. तेथे डॉक्टरांच्या हाताला घाई लावलेली नाही. दोन ऑपरेशनांमधला रिकामा वेळ तेवढा काढून टाकला आहे.

घाई कोठे करू नये

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की आम्ही घाईची बाजू घेत आहोत. तसे नाही. तीन ठिकाणी घाई केली तर डोळा जाऊ शकतो.

पहिले ठिकाण म्हणजे ओळख पटवणे. हाच रुग्ण, हाच डोळा, हेच भिंग, या तिन्हींची मोठ्याने बोलून खात्री झाली पाहिजे. गट करून रुग्ण भराभर आत जाऊ लागले की नाव-आडनाव सारखे असणाऱ्यांची अदलाबदल होण्याची भीती असते. ओमानमध्ये सारखी नावे पुष्कळ, आणि आपल्या समाजातही एकाच गावच्या आडनावाची दहा माणसे भेटतातच! म्हणून नावाबरोबर ओळखपत्राचा क्रमांकही पाहावा. कपाळावर खूण करतात ती डोळा कोणता हे कळण्यासाठी. ती पुसू नये.

दुसरे जंतुनाशन. डोळा आयोडीनच्या द्रावाने धुऊन त्याला काम करायला काही मिनिटे द्यावी लागतात. ती मिनिटे कापता येत नाहीत. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचा एक लहान डोस देण्याची चाल अलीकडे पसरली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात असा डोस दिल्याने डोळ्याच्या आतील संसर्ग सुमारे पाचपट कमी झाल्याचे दिसले.

तिसरे म्हणजे समजावून सांगणे. त्याबद्दल पुढे लिहितो.

घरी गेल्यावर

दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला येणे हा पूर्वीपासूनचा नियम. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी सरळसोट झालेल्या ऑपरेशननंतर ही फेरी बंद करून परिचारिका फोनवर चौकशी करते. काचबिंदू असलेले, एकच डोळा असलेले किंवा ऑपरेशनमध्ये अडचण आलेले रुग्ण यांना मात्र बोलावतात. ओमानमध्ये दुरून आलेल्या रुग्णाची पुढची तपासणी त्याच्या जवळच्या रुग्णालयातही होऊ शकते, कारण अल-शिफाच्या नोंदींचा तेथे उपयोग होतो.

वारही पाहायला हवा. ओमानने २०१३ सालापासून आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार केली. गुरुवारी ऑपरेशन झाले तर दुसरा दिवस सुटीचा. इस्राएलमध्येही तेच. म्हणून ज्यांच्या डोळ्यावर लक्ष ठेवायला हवे अशा रुग्णांना आठवड्याच्या सुरुवातीची तारीख द्यावी. रमजानच्या महिन्यात "थेंबाने उपास मोडतो का?" असा प्रश्न तेथील वृद्धांना पडतो. तो आधीच विचारून त्यांच्या धर्मगुरूंकडून उत्तर घ्यावे, नाहीतर थेंब गुपचूप बंद होतात. आपल्याकडेही योम किप्पूर तोंडावर असताना ऑपरेशन ठरले तर हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा.

दोन्ही डोळे एकाच दिवशी करावेत का, हा अलीकडचा विषय आहे. फिनलंडसारख्या देशांत ही चाल आहे. नेदरलँडमधल्या दहा रुग्णालयांत याचा अभ्यास झाला आणि २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. निवडक रुग्णांत एकाच दिवशी दोन्ही डोळे केल्याने परिणाम कमी पडला नाही असे त्यात दिसले. अट अशी की दुसऱ्या डोळ्यासाठी अवजारे, हातमोजे, द्राव सर्व वेगळे हवे, जणू दुसरा रुग्णच आहे. प्रत्येकाला हे लागू नाही. पण घाट उतरून येणाऱ्या आजींसाठी डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता समजावून सांगण्याची गोष्ट. ओमानच्या वृद्धांत अरबी बोलणारे आहेत, तसेच बलुची, स्वाहिली आणि ढोफारच्या डोंगरातली जिब्बाली बोलणारेही आहेत. परिचारिका केरळची असू शकते, डॉक्टर मिसरचे किंवा हिंदुस्थानचे. कोणता थेंब किती वेळा आणि किती आठवडे, हे रुग्णाच्या भाषेत सांगितले नाही तर उत्तम ऑपरेशनही वाया जाते. हे आपल्याला नवे नाही. मराठीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या आपल्या आज्यांच्या हातात हिब्रू कागद दिलेले आम्ही पाहिले आहेत. त्या मान डोलावतात, कारण डॉक्टरांना पुन्हा विचारणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. घरी आल्यावर लाल झाकणाची बाटली की निळ्या, यावर वाद होतो.

आपण काय करावे

रुग्णालयाची व्यवस्था बदलणे आपल्या हातात नसते. पण आपल्या बाजूचा वेळ वाचवणे हातात आहे. ऑपरेशनचा तोर मिळालेल्या वाचकांनी आणि त्यांच्या मुलांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सर्व औषधांची यादी मोठ्या अक्षरात लिहून पहिल्याच तपासणीला न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पुरुषांना लघवीच्या तक्रारीसाठी टॅमसुलोसिन दिले असेल, किंवा पूर्वी कधी दिले असेल, तर ते जरूर सांगावे. त्याने बाहुली सैल पडते आणि डॉक्टरांना आधीपासून तयारी करावी लागते.

२. "बाकीच्या तपासण्या आजच होतील का?" असे विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही.

३. इस्राएलमधल्या वाचकांनी कुपत खोलीमचा तोफेस १७ आठवडाभर आधी हातात आहे ना आणि त्यावर बरोबर रुग्णालय व बरोबर डोळा लिहिला आहे ना, हे पाहावे. त्या एका कागदावाचून परत आलेली माणसे कमी नाहीत.

४. उपाशी यायचे की खाऊन, साखरेचे औषध त्या सकाळी घ्यायचे की नाही, हे आधी लिहून घ्यावे. याबाबत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते.

५. खोकला, ताप, डोळ्यात चिपडे असे काही झाले तर सकाळची वाट न पाहता आदल्या दिवशीच फोन करावा. आपली जागा दुसऱ्याला मिळेल आणि आपल्याला नवी तारीख मिळेल.

६. थेंबांचा कागद घरच्या भाषेत लिहून भिंतीला लावावा. बाटल्यांवर मराठीत १, २, ३ असे चिकटवावे. थेंब घातला की खूण करावी. डोळा चोळू नये.

७. दुखणे वाढत गेले, डोळा अधिक लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली तर दुसऱ्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अशा वेळी तास महत्त्वाचे असतात.

८. पहिला डोळा झाला की दुसऱ्याची तारीख तेव्हाच मागावी.

जगभर ९ कोटींहून अधिक माणसांची नजर मोतीबिंदूने अधू झालेली आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतल्या बहुतेकांना दिसू लागण्यासाठी नवा शोध लागायला नको. पंधरा मिनिटांचे ऑपरेशन त्यांच्यापर्यंत पोचायला हवे. ज्या घरात आजीला दिसत नाही त्या घरात नातीची शाळा बुडते, रात्री पाय घसरून मांडीचे हाड मोडते, आणि ती माणसे हळूहळू समारंभांना, प्रार्थनेला, शेजारी जाणेही सोडतात. आपण त्यांना म्हातारपण आले म्हणतो. पुष्कळदा तो फक्त मोतीबिंदू असतो.

तेव्हा या महिन्यात आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा की घड्याळातले काटे दिसतात का, पायरीची कड दिसते का. उत्तर "नाही" आले तर तोर घ्या, आणि वर दिलेली यादी कापून त्यांच्या कागदांबरोबर ठेवा.